बीजप्रक्रियेची पावडर आणि बंद पडलेला गॅस : नगरपरिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सर्वसाधारण सभेत आपण मंडईमागचा पाच टनी बायोगॅस प्रकल्प कायमचा बंद करण्याचा, त्याची यंत्रसामग्री भंगारात काढण्याचा आणि मंडईचा ओला कचरा टनावारी दराने बाहेरच्या डेपोवर पाठवण्याचा ठराव मंजूर केलात. ठरावाच्या कारणांत एक वाक्य आहे : ‘बुरशीजन्य एन्झाइमचा वापर करूनही गॅसनिर्मितीत वाढ न झाल्याने सदर तंत्रज्ञान अव्यवहार्य असल्याचे सिद्ध झाले आहे.’ हे वाक्य खरं नाही. कुणी मुद्दाम खोटं लिहिलं असा माझा आरोप नाही. पण बुरशीचं एन्झाइम त्या टाकीत एक चमचाही पडलेलं नाही. जे वापरलंच नाही ते निरुपयोगी ठरवून गावाचा चालू शकणारा प्रकल्प मोडीत निघतोय, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गावाचं नाव मी लिहीत नाही. बंद टाक्या आपल्याच गावात आहेत अशातला भाग नाही, आणि कुणा एकाची बदनामी करण्यात मला रस नाही.

माझा संबंध काय, तेही सांगते. मी इथल्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. एम.एस्सी.ला माझा विषयच बुरशीची सेल्युलेज एन्झाइम, म्हणजे काड्या-पानांतलं चिवट सेल्युलोज तोडणारी प्रथिनं, हा होता. घर मंडईमागच्या आळीत, त्यामुळे टाकी आंबली की पहिला वास आमच्याच खिडकीत येतो, आणि जनरेटर चालायचा तेव्हा आळीतले दिवेही याच गॅसवर लागायचे. प्रकल्पावर कचरा वेगळा करणाऱ्या बचत गटातल्या दोघी माझ्या शेजारणी आहेत. म्हणजे मला या ठरावाचं नुकसान शास्त्राच्या बाजूनेही होतं आणि गल्लीच्या बाजूनेही.

आधी डब्याबद्दल बोलू.

‘एन्झाइम’ म्हणून आलेल्या डब्यांपैकी एक रिकामा डबा मुकादमांकडून मी मागून घेतला. तळाशी मूठभर भुकटी उरली होती. लेबलावर लिहिलंय : ट्रायकोडर्मा व्हिरिडी, १ टक्का, पाण्यात मिसळणारी भुकटी, ग्रॅमला किमान २० लाख सीएफयू, म्हणजे रुजू शकणारे जिवंत कण. त्याखाली बारीक अक्षरांत पिकांची नावं आणि रोगाचं नाव, मर. आपल्या सभागृहात हरभरा आणि तूर पेरणारे सदस्य कमी नाहीत. पेरणीआधी बियाण्याला चोळायला हीच पावडर त्यांनी कृषी सेवा केंद्रातून कितीदा आणली असेल. बिलावर ‘विशेष एन्झाइम कल्चर’ असं नाव दिसलं आणि कुणीच डबा उलटा करून वाचला नाही, याचं मला खरंच नवल वाटतं.

पावडर वाईट आहे असं नाही. तिच्या कामाला ती उत्तम आहे. पण तिच्यात एन्झाइम नसतं, बुरशीचे बीजाणू असतात, आणि वजनाने बघितलं तर बहुतेक भाग शंखजिऱ्याची भुकटी. बीजाणू आधी रुजावा लागतो, त्याचे तंतू वाढावे लागतात, आणि मग ते तंतू आपल्या खाद्यावर एन्झाइम सोडतात. या सगळ्याला ट्रायकोडर्माला हवा लागते. आपल्या ठेकेदाराने ती पावडर ओतली थेट डायजेस्टरमध्ये, म्हणजे गॅस तयार होतो त्या बंद टाकीत, जिथे हवा शिरू नये म्हणूनच झाकण बसवलेलं असतं. बियाणं विहिरीत टाकून उगवलं नाही म्हणावं, तसा हा प्रकार झाला.

तरी खात्री करावी म्हणून ती भुकटी मी प्रयोगशाळेत तपासली. कसोटी जगभर वापरतात तीच आणि अगदी साधी. फिल्टर पेपरची एक सेंटीमीटर रुंद, सहा सेंटीमीटर लांब पट्टी परीक्षानळीत घालायची, तिच्यावर एन्झाइमचं पाणी टाकायचं आणि ५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवायचं. कागद म्हणजे शुद्ध सेल्युलोज. एन्झाइम असेल तर त्यातून साखर सुटते, आणि डीएनएस नावाचं पिवळं रसायन घालून नळी उकळली की साखरेमुळे रंग तांबूस-विटकरी होतो. डब्यातल्या भुकटीची नळी पिवळीच राहिली. शेजारच्या नळीत आमच्या विद्यार्थ्यांनी गव्हाच्या कोंड्यावर वाढवलेल्या ट्रायकोडर्माचं गाळलेलं पाणी होतं. त्यात पट्टीच्या कडा विसविशीत झाल्या आणि उकळल्यावर नळी विटेच्या रंगाची झाली. दोन्ही नळ्या कुणाही सदस्याला दाखवायला मी तयार आहे. कॉलेज चौकातच आहे, येऊन बघा.

आता एन्झाइमने मुळात होतं काय, ते सांगते, कारण सभेत एका सदस्यांनी ‘गॅस शेणाने होतो, बुरशीचा काय संबंध’ असं विचारलं आणि त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. प्रश्न रास्त होता.

गॅस तयार होण्याच्या पायऱ्या असतात. आधी कचऱ्यातले मोठे, न विरघळणारे पदार्थ तुटून साखरेसारखे छोटे व्हावे लागतात. मग त्यांची आम्लं होतात, आम्लांपासून ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन वगैरे, आणि शेवटी मिथेन करणारे जीव त्यातून गॅस बनवतात. हॉटेलचा उरलेला भात टाकीत दोन दिवसांत विरतो. त्याला बुरशीची अजिबात गरज नाही. उलट तो इतक्या झपाट्याने आंबतो की शेवटच्या पायरीवरचे संथ जीव मागे पडतात. पण मंडईचा कचरा भात नव्हे. फ्लॉवरचा पाला, मक्याच्या कणसांची सालं, केळीचे दांडे, मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, रसवंतीतली चिपाडं. यात सेल्युलोज भरपूर आहे. एक किलो शुद्ध सेल्युलोजपासून हिशेबाने ४१५ लिटर मिथेन निघू शकतं. पण काडीतलं सेल्युलोज शुद्ध नसतं. त्याच्याभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या चिवट पदार्थांचं वेष्टण असतं, आणि टाकीतले जिवाणू ते फोडता फोडता काडी तशीच बाहेर पडते. आपल्या टाकीत तर ती बाहेरही पडली नाही. वर येऊन तिचा जाड थर बसला. गेल्या उन्हाळ्यात झाकण उघडलं तेव्हा त्या थरात बांबू रोवला तर तो उभा राहत होता. खाली गॅस तयार होत होता, पण त्याला वर यायला वाट नव्हती.

काडी फोडण्यात बुरशीचा हात धरणारं कुणी नाही. जंगलात पडलेलं झाड मातीत मिळवते ती मुख्यतः बुरशीच. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि पट्टे कुजून फाटू लागले. त्याचा छडा लावताना जी बुरशी सापडली तिला पुढे एल्विन रीस या शास्त्रज्ञाच्या नावावरून ट्रायकोडर्मा रीसाय म्हणू लागले. आज कापड, कागद आणि इथेनॉलच्या कारखान्यांना लागणारं सेल्युलेज मोठ्या प्रमाणावर तिच्याच वंशातून येतं. डब्यावरची ट्रायकोडर्मा तिची चुलत बहीण, पण टाकीत हवी असते ती बुरशी नव्हे, बुरशीने आधीच बाहेर सोडलेलं एन्झाइम.

आणि तेही कुठे टाकायचं हे ठरलेलं आहे. या एन्झाइमला ५० अंशांच्या आसपासची ऊब आणि पाचच्या जवळचा पीएच, म्हणजे थोडा आंबटपणा, लागतो. डायजेस्टरमध्ये पीएच सातच्या आसपास ठेवावा लागतो, नाहीतर मिथेन करणारे जीव काम थांबवतात. शिवाय एन्झाइम म्हणजे प्रथिनच. डायजेस्टरमधले जिवाणू ते खाऊन टाकतात. म्हणून ते टाकायचं आधीच्या टाकीत, कचरा बारीक दळून, कोमट पाण्यात, काही तास ते दिवसभर. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत अशी वेगळी, गरम पाण्याची, हवा खेळवलेली पहिली टाकी मुळातच असते. आपला प्रकल्पही दोन टाक्यांचाच आहे. पहिल्या टाकीचं काय झालं ते पुढे सांगते.

माझ्या तक्रारी अशा.

पहिली खरेदीची, ती वर आलीच. निविदेत ‘एन्झाइम’ एवढाच शब्द होता. कोणतं, किती क्रियाशीलतेचं, कोणत्या टाकीसाठी, काही नाही. दूध घेताना आपण फॅट विचारतो. इथे किलोवर बिल निघालं.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी आहे, कारण प्रकल्प इथेच मेला. पहिल्या टाकीला गरम पाणी देणारं छतावरचं सोलर फुटलं ते पुन्हा बसलं नाही. हवा देणाऱ्या ब्लोअरची मोटार ‘दुरुस्तीला’ गेली ती आलीच नाही. क्रशरची पाती बोथट झाल्यावर कामगार केळीचे दांडे कोयत्याने तोडून टाकायचे, वीतभर लांबीचे तुकडे. आज त्या पहिल्या टाकीत खराटे, फाटके हातमोजे आणि घंटागाडीचे जुने टायर आहेत. म्हणजे ज्या टाकीत एन्झाइमचं काम व्हायचं ती आपण अडगळीची खोली केली, आणि ज्या टाकीत ते होऊच शकत नाही तिथे बीजाणू ओतून निकाल लावला. आरोग्य विभागाच्या फायलीत ब्लोअरच्या मोटारीचा जावक क्रमांक असेलच. ती कुठल्या दुकानात पडून आहे एवढं तरी शोधावं.

तिसरी : मोजलंच नाही. गॅस मीटरचा काटा एका आकड्यावर अडकलेला आहे, आणि लॉगबुकात रोज तोच आकडा वेगवेगळ्या शाईने लिहिलेला आहे. पीएच कधी पाहिला नाही. पीएचच्या कागदाची पट्टी किती रुपयांना मिळते ते कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत आहे. ‘वाढ झाली नाही’ असं ठरावात लिहिताना कशाच्या तुलनेत, हे कुणी विचारलं का? पावडर टाकल्यानंतर ठेकेदाराने ‘आता पचेल’ म्हणून दुप्पट पाला आणि लग्नाच्या हंगामातलं उष्टं एकदम भरलं. टाकी आंबली, बर्नर पेटेना. त्याचं खापर बुरशीवर फुटलं.

चौथी तक्रार बायकांची. प्लास्टिक, दोरा, काच, नारळाच्या शेंड्या वेचून काढायच्या आणि मगच कचरा क्रशरला द्यायचा, हे काम बचत गटातल्या बायका करायच्या. त्यांची थकलेली मजुरी अजून मिळालेली नाही, आणि ठरावात त्यांचा एका शब्दानेही उल्लेख नाही. स्वच्छ सर्वेक्षणाचं पथक आलं त्या दिवशी मात्र त्यांना नवे जॅकेट देऊन उभं केलं होतं आणि बर्नर पेटवून दाखवला होता. त्या दिवशीचा गॅस कुठून आला होता हे मी इथे लिहीत नाही.

पाचवी, वाहतुकीची. भाजीच्या कचऱ्यात वजनाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग पाणी असतो. टनावारी दराने तो डेपोवर पाठवायचा म्हणजे मंडईचं पाणी डिझेल जाळून फिरवायचं, आणि पावसाळ्यात तर बिल आणखी फुगायचं. डेपोत ढिगाखाली तो कुजतो, मिथेन तिथेही होतो, फक्त पकडला जात नाही आणि अधूनमधून पेट घेतो. डेपोशेजारच्या गावाने आपलं काय बिघडवलंय? घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीच सांगितलं होतं की कुजणारा कचरा शक्यतो जिथल्या तिथे खत किंवा बायोगॅस करून जिरवावा. दुसरीकडे केंद्राने सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये बायोगॅस मिसळण्याचं बंधन २०२५-२६ मध्ये १ टक्क्यापासून सुरू करून २०२८-२९ पासून ५ टक्क्यांवर न्यायचं ठरवलंय. अशा वेळी आपण बांधून तयार असलेली टाकी किलोवर विकायला काढतो.

आता सभेत आलेले दोन आक्षेप.

‘ही बाहेरची तंत्रं आपल्याकडे चालत नाहीत.’ १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेले गॅस प्लांट घरोघरी चालवून दाखवले आणि त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारा घरगुती संच केला. बुरशीचं म्हणाल तर गाय-म्हशीच्या पोटात, हवा नसलेल्या जागी, काडी फोडणाऱ्या बुरशा असतात. १९७५ साली कॉलिन ऑर्पिन यांनी त्या बुरशा आहेत हे दाखवेपर्यंत जग त्यांना वेगळेच सूक्ष्मजीव समजत होतं. या बुरशांवर आणि त्यांच्या मदतीने पेंढ्यापासून मिथेन काढण्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत काम झालं आहे. बुरशांचा राष्ट्रीय संग्रहही तिथेच आहे. तज्ज्ञ एसटीच्या अंतरावर असताना आपण सल्ला घेतला तो पावडर विकणाऱ्याचा.

‘एन्झाइम परवडत नाही.’ यात तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. कारखान्यातून शुद्ध एन्झाइमचे कॅन विकत आणले तर गॅसच्या पैशात त्याचा खर्च निघेलच असं नाही. जगभरच्या प्रयोगांतही फायदा कुठे चांगला दिसतो, कुठे जेमतेम. कचरा कोणता, दळला किती, टाकला कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. पण शुद्ध एन्झाइमची आपल्याला गरजच नाही. ओल्या कोंड्यावर ट्रेमध्ये बुरशी वाढवायची आणि तो कोंडाच पहिल्या टाकीत ढवळायचा. पिठाच्या गिरण्यांतून कोंडा मिळतो. ट्रे, प्रेशर कुकर आणि स्वच्छ खोली एवढी सामग्री लागते. गावात धिंगरी अळिंबी करणारे दोन-तीन जण आहेत. त्यांच्याकडचे वापरून झालेले सोयाबीनच्या भुशाचे बेड आज उकिरड्यावर जातात. धिंगरी ही लिग्निन कुरतडणारी बुरशी. तिने पोखरलेला भुसा डायजेस्टरला कोऱ्या भुशापेक्षा हलका जातो. थोडं सत्त्व ती स्वतः खाते हे खरं, पण आधी तिच्यापासून कुणाची तरी भाजी झालेली असते.

आमच्या मागण्या :

१. भंगाराची निविदा थांबवावी, आणि ठरावातलं ‘तंत्रज्ञान अव्यवहार्य असल्याचे सिद्ध झाले’ हे वाक्य इतिवृत्तातून काढावं.

२. खरेदीची फाईल, डब्यांचं लेबल, लॉगबुक आणि गॅस मीटरच्या दुरुस्तीचा पत्रव्यवहार नगरपरिषदेच्या फलकावर लावावा. माहिती अधिकाराचा अर्ज करायला लावू नये.

३. बचत गटाची थकलेली मजुरी आधी द्यावी. याला तांत्रिक अहवाल लागत नाही.

४. मंडईच्या आवारात दोनशे लिटरची पिंपं ठेवून साठ दिवसांची चाचणी घ्यावी. एकात नुसता दळलेला कचरा, दुसऱ्यात तोच कचरा एन्झाइमच्या कोंड्याने आधी भिजवून, आणि तिसऱ्यात तोच कोंडा उकळून, म्हणजे एन्झाइम मारून. तिसरं पिंप महत्त्वाचं आहे, कारण कोंड्यापासूनही गॅस होतो आणि त्याचं श्रेय एन्झाइमला जाता कामा नये. रोज गॅस आणि पीएच मोजून आकडे फळ्यावर लिहायचे. विरजणाला शेणकाला, पिंपं आणि जागा नगरपरिषदेने द्यावी. काम मी आणि माझे विद्यार्थी विनामोबदला करू.

५. चाचणी चालू असताना क्रशरची पाती, ब्लोअर आणि सोलर दुरुस्त करून पहिली टाकी रिकामी करावी. वाहतुकीचा ठेका द्यायचाच असेल तर या साठ दिवसांपुरता द्यावा, तीन वर्षांचा नको.

६. पुढे एन्झाइम विकत घेण्याची वेळ आलीच तर ते किलोवर नव्हे, फिल्टर पेपरच्या कसोटीत मोजलेल्या युनिटवर घ्यावं, आणि प्रत्येक खेपेचा नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय बिल काढू नये.

चाचणीत फरक दिसला नाही तर तसं माझ्या सहीने लिहून देईन आणि ते कागद मंडईत लावीन. मग प्रकल्प एन्झाइमविना कसा चालवायचा यावर बोलू, कारण क्रशर आणि ब्लोअर नीट चालले तरी बराच फरक पडेल असं माझं मत आहे.

भंगाराची निविदा उघडण्याआधी या पत्राचं लेखी उत्तर मिळावं. डबा आणि दोन्ही नळ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवल्या आहेत. रविवार सोडून कधीही पाहता येतील.

आपली,
मंडईमागच्या आळीतली एक रहिवासी आणि सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका